घाबरट घरमालकीण

आमच्या घरमालकीणबाईंइतकं घाबरट माणूस मी जन्मात पाहिलेलं नाही. एचआरची मीटिंग कॅलेंडरवर दिसली की मी स्वतः आधी रेझ्युमे उघडून बसतो, तेव्हा घाबरटपणातलं मला थोडंफार कळतं. पण काकू म्हणजे काकू. त्यांना पुलाची भीती, लिफ्टची भीती, अंधाराची भीती, दुकानातल्या सेल्फ-चेकआउटच्या मशीनची भीती. मागे पोलिसांची गाडी दिसली की त्या दिसेल त्या गल्लीत वळायच्या, कुणाच्या तरी घरासमोर गाडी उभी करायच्या आणि म्हणायच्या, जाऊ दे त्याले पुढे. एकदा कोथिंबीर आणायला निघालेलो आम्ही असे वळत वळत पार पुढच्या गावात, एव्हरेटला पोचलो होतो. पासपोर्टच्या झेरॉक्स त्या फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीत ठेवायच्या. घराला आग लागली तरी फ्रीझर जळत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. मी एकदा पुलावासाठी ती पिशवी फोडली आणि आतून काकूंचा तरुणपणचा फोटो निघाला. दोन वेण्या घातलेल्या, आणि चेहरा तेव्हाही घाबरलेलाच.

आणि ही बाई दर मोर्चाला हजर असायची.

मोर्चात नाही हं, मोर्चाला. हा फरक त्या भेटेल त्याला समजावून सांगायच्या. सिएटलमध्ये वकिलांची एक संघटना होती, ती मोर्चांच्या जागी निरीक्षक पाठवायची. निरीक्षकाने घोषणा द्यायच्या नाहीत, टाळ्या वाजवायच्या नाहीत, हातात फलक धरायचा नाही. कडेला उभं राहायचं आणि पोलीस लोकांशी कसे वागतात ते बघायचं. उद्या कोर्टात कुणी म्हणालं की असं काही घडलंच नाही, तर ज्याने बघितलं त्याने जाऊन सांगायचं. ओळख म्हणून अंगात जांभळं जाकीट. काकूंची उंची पाच फुटांच्या आत, त्यामुळे ते जाकीट त्यांच्या गुडघ्यापर्यंत यायचं. सत्तरीला आलेली बाई, पायात हॉस्पिटलातले पांढरे बूट, आणि समोर ढाली घेतलेली पोलिसांची रांग. हे चित्र मी नुसतं डोळ्यांपुढे आणलं तरी आजही मला घाम फुटतो.

मी ओळखीच्या ओळखीतून त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायला गेलो. सिएटलजवळ बॉथेलला नवी नोकरी लागली होती, लग्न व्हायचं होतं, आणि काय वाटेल ते करून मला घरचा वरणभात हवा होता. काकू मूळच्या नागपूरच्या, बौद्ध घरातल्या. तिथे मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये होत्या, मग नवऱ्यामागून इथे आल्या आणि इथेही हॉस्पिटलच्या लॅबमध्येच सगळी वर्षं काढली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. बैठकीच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे रोज एक मेणबत्ती, आणि ती मेणबत्ती नीट विझली की नाही हे बघायला त्यांच्या दहा चकरा. भाड्याचं बोलणं चटकन उरकलं. अट त्यांनी एकच घातली. बेल वाजली तर दार उघडायचं नाही.

मला वाटलं, एकटी बाई आहे, म्हणत असेल. पण नाही. रविवारी जेवणं झाली की काकू माझी तालीम घ्यायच्या. स्वतः डाव घेऊन मागच्या डेकवर जायच्या आणि काचेच्या दारावर धाडधाड वाजवायच्या. त्या पोलीस आणि मी मी. मी आतून तीन वाक्यं म्हणायची होती, इंग्रजीत. मला काही बोलायचं नाही. न्यायाधीशाच्या सहीचा कागद असेल तर दाराखालून सरकवा. मला वकिलाशी बोलायचंय. तीन वाक्यं, यार, शाळेतलं पोरगं पाठ करील. पण काकूंनी आवाज चढवून नाव काय, असं विचारलं की माझं डोकंच बंद पडायचं. मी नाव सांगायचो, आडनाव सांगायचो, कंपनी, व्हिसाचा प्रकार, किती साली आलो. एकदा तर पॅन नंबर सांगून बसलो. आपल्याकडे साहेबाने विचारलं की उठून उभं राहायचं आणि पोटातलं सगळं ओकून टाकायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं.

काकू डाव खाली ठेवून कपाळाला हात लावायच्या. "अरे, त्यानं तुले नाव विचारलं, तू पत्रिका देऊन राहिला."

त्या वर्षी उन्हाळ्यात इमिग्रेशनवाले बाहेरदेशच्या लोकांना घरातून, कामावरून उचलून नेतायत, अशा बातम्या रोजच्या झाल्या होत्या, आणि त्याविरुद्ध सिएटलमध्ये मोर्चे निघत होते. काकूंना हायवेची भीती, म्हणून शनिवारी मी त्यांचा ड्रायव्हर. मी तिकडे फिरकणारसुद्धा नाही, लांब गाडी लावून आत बसून राहीन, हे मी बजावून सांगितलेलं. तरी पहिल्या शनिवारी त्यांनी माझा हात ओढला आणि कोपराच्या आत मेंदीच्या कोनाने वकिलाचा फोन नंबर काढला. पकडलं की फोन काढून घेतात, म्हणून तिथे येणारे सगळे लोक मार्करने हातावर नंबर लिहितात. पण मार्कर घामाने पुसतो, असं काकूंचं म्हणणं. मेंदी पुसत नाही. ती पुसत नाही हे मला सोमवारी ऑफिसात कळलं. भर जुलैत मी लांब बाह्यांचा शर्ट घालून बसलो, एसीतसुद्धा उकडत होतं, आणि टीममधल्या एका बाईने बाही वर सरकलेली बघून हसत विचारलं की कुणाचं लग्न होतं. मी चुलत बहिणीचं म्हणून सांगितलं. मॅनेजरशी बोलताना मी तो हात टेबलाखालीच ठेवायचो.

पुढे एका शनिवारी काकू दम्याचा पंप गाडीतच विसरल्या. म्हणून मी उतरलो. पंप हातात देऊन परत फिरायचं, एवढाच माझा विचार होता. पण मी चौकात पोचलो आणि मागच्या रस्त्यावर पोलिसांची रांग येऊन उभी राहिली. पुढच्या बाजूलाही तीच. मधे आम्ही सगळे. भीती म्हणजे काय हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. माझे कान बंद झाले. मनात एकच गोष्ट फिरत होती, की माझं नाव कुठेतरी टाइप होणार, ग्रीन कार्डची फाइल बंद होणार, आणि आईला कराडला फोन करून मी काय सांगणार.

काकू कडेला एका खांबाला पाठ लावून उभ्या होत्या. जाकिटाची कड थरथरताना मला स्पष्ट दिसत होती. गळ्यात रेकॉर्डर, आणि त्यात त्या बोलत होत्या, नागपुरी इंग्रजीत, लॅबमध्ये काचेवरचा नमुना बघून सांगावं तशा सपाट आवाजात. रांग पश्चिमेकडून पुढे सरकली. पांगण्याची सूचना मला एकदाच ऐकू आली. काठी एका मुलीच्या खांद्यावर पडली, डाव्या. मुलीच्या हातात काही नाही. वाईट, क्रूर, बिचारी, असला एक शब्द नाही. मी त्यांची बाही ओढत होतो, काकू चला, काकू चला, आणि त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. मग अश्रुधूर सुटला. एका दुकानदाराने मागचं दार उघडलं, त्यातून आम्ही कसेबसे बाहेर पडलो. गाडीत बसल्यावर काकूंना पिशवीत उलटी झाली आणि त्या कितीतरी वेळ काचेला डोकं टेकून रडत होत्या.

मी भडकलो होतो. भ्यालेला माणूस चिडतो, तसा. म्हटलं, एवढी भीती वाटते तर जाता कशाला? आणि तुमचं ठीक आहे, तुम्ही सिटिझन आहात, मला इथून हाकलतील.

"कोण म्हणालं सिटिझन?" काकू म्हणाल्या.

माझा विश्वासच बसेना. तीस-पस्तीस वर्षं ही बाई इथे राहिली, स्वतःचं घर, टॅक्स, पेन्शन, आणि सगळं ग्रीन कार्डवर. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, माझ्या बापाच्या बापाले मत नव्हतं. माझ्या बापाले मिळालं. इथली सिटिझन झाली का ते गेलं. ते मी सोडून कशी देऊ? मग त्यांनी त्या बापाची गोष्ट सांगितली, एकदाच, परत कधी काढली नाही. वडील एका मोर्चात होते, गळ्याजवळचं हाड मोडून घरी आले. पुढे चौकशी झाली तेव्हा पोलीस म्हणाले की लाठी उगारलीच नाही. गल्लीत मारलेलं, भर दुपारी, पण गल्लीतले सगळे म्हणाले, आम्ही घरात होतो.

"अन् खरंच होते रे घरात," काकू म्हणाल्या. "भेत होते. मी बी होती. खिडकीतून पाहून राहिली होती, पण कोणी मले विचारलं नाही."

मी गाडी सुरू केली. हायवे लागला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्या दिवशी ज्या मुलीच्या खांद्यावर काठी पडली, तिच्यावरच उलट खटला भरला, पोलिसाला मारलं म्हणून. काकू कोर्टात उभ्या राहिल्या. लिफ्ट नको म्हणून जिन्याने वर गेल्या आणि तिथे जे दिसलं तेवढंच सांगितलं. त्या पोलिसाने मुद्दाम मारलं का, असं विचारल्यावर म्हणाल्या की मला मन दिसत नाही, मला काठी दिसली. मुलगी सुटली. दुसऱ्या दिवशी काकूंचं नाव बातमीत होतं. मी पेढे आणले. काकूंनी एकही खाल्ला नाही आणि सगळे पडदे ओढून घेतले.

त्यानंतर त्या म्हणायला लागल्या की कोपऱ्यावर राखाडी गाडी उभी असते. आता काकूंना राखाडी गाड्या मी आलो तेव्हापासूनच दिसत होत्या. मी म्हणायचो, काकू, ती सुबारू आहे, अर्धं बॉथेल सुबारू चालवतं. त्या पुन्हा पडद्याच्या फटीतून बघायच्या.

त्याच सुमारास माझी आई आली. सहा महिन्यांसाठी, सोबत कुरडया, मेतकूट आणि चार मुलींचे बायोडेटा. आई आणि काकूंचं दोन दिवसांत असं जमलं की मला कुणी विचारेना. आई त्यांना ताई म्हणायची, त्या तिला वहिनी. काकूंनी आईचीही तालीम घेतली. आईने तीन वाक्यं माझ्यापेक्षा चांगली पाठ केली, फक्त प्रत्येकानंतर तिला हसू यायचं. ताई, कुणी दाराशी आलं तर असं तोंडावर नाही म्हणवेल का हो, असं ती म्हणायची. काकू म्हणायच्या, म्हणवत नाही, म्हणून तर पाठ करायचं.

तो मंगळवार होता. मी खाली कॉलवर होतो. वर स्वयंपाकघरात दोघी मेथी निवडत होत्या. पुढचं आईने नंतर मला इतक्यांदा सांगितलंय की ते मीच बघितल्यासारखं झालंय. बेल वाजली. काकू नको म्हणाल्या, पण काकू कशालाही नको म्हणायच्या. आईने खिडकीतून बघितलं. बारीक पाऊस लागला होता आणि दाराशी दोन माणसं उभी होती, त्यातला एक अगदी पोरगेला, डोक्यावर टोपी नाही, केस भिजलेले. काकू पुन्हा नको म्हणाल्या, या वेळी जवळजवळ आवाजच न करता. पण आईच्या हाताने कडी काढलेली होती. आयुष्यभर तिने पोस्टमनपासून वीज तोडायला आलेल्या माणसापर्यंत कुणाला दारात ताटकळत ठेवलेलं नाही. आधी आत बोलवायचं, पाणी द्यायचं, मग काय काम आहे ते विचारायचं.

मला डोक्यावर बुटांचे आवाज आले. काकूंच्या घरात बूट घालून कुणी चालत नाही. मी हेडफोन काढला आणि जिना चढून वर गेलो.

बुद्धाच्या मूर्तीजवळ ते दोघे इमिग्रेशनवाले उभे होते, छातीवर जाड बनियनसारखी जाकिटं, कमरेला पिस्तुलं. आई ट्रेमध्ये स्टीलचे ग्लास घेऊन आली होती. वयाने मोठ्या माणसाने हात लावला नाही. पोरगेल्याने ग्लास उचलला आणि एका दमात संपवला. मग त्या मोठ्या माणसाने काकूंचं नाव घेतलं, पूर्ण नाव, सासरच्या आडनावासकट.

काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या, मुठीत मेथी. त्यांचा चेहरा मला बघवेना. पण त्या तीन वाक्यं बोलल्या. आवाज इतका कापत होता की पहिलं वाक्य त्यांना परत म्हणावं लागलं, पण तिन्ही बोलल्या. मोठ्या माणसाने एक कागद दाखवला. काकूंनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाल्या की यावर न्यायाधीशाची सही नाही, ही तुमच्याच साहेबाची आहे, याने तुम्हाला माझ्या घरात येता येत नाही, बाहेर जा. तेव्हा तो माणूस म्हणाला की आम्हाला आत बोलावलंय, आणि त्याने आईकडे बोट दाखवलं.

आपल्याबद्दल काहीतरी चाललंय एवढं आईला कळलं. ती हसली आणि म्हणाली, येस, येस, वेलकम.

मी पुढे झालो. काय बोलणार होतो देव जाणे. काकूंनी माझ्याकडे बघितलंही नाही. "तू तोंड उघडू नको," त्या म्हणाल्या, मराठीत, त्या सपाट आवाजात. "तुझा व्हिसा आहे. वहिनीले सांभाळ. तू फक्त पाह्य."

मी बघितलं. त्यांनी काकूंचे हात पुढे घेतले. मेथीची पानं बोटांना चिकटलेली होती, ती तशीच राहिली. उजव्या मनगटाला बेडी सैल होत होती, म्हणून मोठ्या माणसाने ती अजून दोन खाचा आत घेतली. पोरगेल्याने कोट आणू का, असं विचारलं, मोठा नाही म्हणाला. काकू घरातल्या चपलांवर बाहेर गेल्या. कोपऱ्यावर गाडी होती, राखाडी. ती वळून दिसेनाशी होईपर्यंत मी सगळं बघितलं.

दार लागलं तेव्हा आई अजून ट्रे घेऊन उभी होती. तिला सगळं सांगायला मला बराच वेळ लागला. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि मग तो रिकामा ग्लास उचलून म्हणाली, "पण पाणी प्यायला होता रे तो."

काकूंना इमिग्रेशनच्या डिटेन्शन सेंटरमध्ये, म्हणजे तुरुंगातच ठेवलंय; ग्रीन कार्ड काढून घेऊन परत पाठवायचं म्हणतात. त्यांच्या संघटनेतल्या वकीलबाईंनी दोन रस्ते सांगितले. निघून जायला तयार आहे असं काकूंनी लिहून दिलं, तर थोड्याच आठवड्यांत त्या नागपूरला बहिणीकडे असतील. नाहीतर आत राहून भांडायचं, किती महिने ते कुणालाच सांगता येत नाही, आणि जिंकूच असंही नाही. भांडणाचा एक मोठा मुद्दा त्या दाराचा. पाहुण्या बाईने, जिला इंग्रजी येत नाही, तिने या म्हटलं म्हणजे घराच्या मालकिणीने या म्हटलं का? त्यासाठी बघणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र लागणार होतं, नाव, सही आणि व्हिसा यांच्यासकट. माझ्या फाइलचं काय होईल याची खात्री देता येणार नाही, असं वकीलबाईंनी आधीच सांगितलं. मी सही केली. हात थरथरला, हे मी काकूंना काचेपलीकडून फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, थरथरू दे, नाव वाचता आलं की झालं.

त्यांचं वजन उतरलंय. पंप मागितला की मिळायला वेळ लागतो. रात्री दिवे बंद करत नाहीत, ते एक बरं आहे म्हणाल्या. मी त्यांना हात जोडले. म्हटलं, काकू, तुम्हाला लिफ्टमध्ये दोन मजले जाववत नाही, इथे कशा राहाल? जा ना नागपूरला. बहीण आहे, ऊन आहे, संत्री आहेत. कशाला हा हट्ट?

काकूंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "मी गेली ना, तर कागदावर हेच राहील का वहिनीनं दार उघडलं अन् मी गेली. ते घेऊन जगतील त्या. काहून? घर माझं आहे. मी कोणाले आत बोलावलं नव्हतं. एवढं त्या न्यायाधीशानं एकदा म्हणू दे. मग पाठवा म्हणा कुठं पाठवायचं तिथं."

आईचे सहा महिने संपले, ती कराडला परत गेली. दर रविवारी फोन करते. पूर्वी तिचा पहिला प्रश्न जेवलास का हा असायचा. आता ती विचारते, ताई आल्या का घरी? मी म्हणतो, अजून नाही. मग पलीकडे तिच्या घरातला पंखा ऐकू येतो.

परवा तिने विचारलं, "त्यांना तिथे भीती वाटत असेल का रे?"

म्हटलं, "वाटते, आई. रोज वाटते. तरी राहिल्यात."